परवा म्हणजे कधी?

ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की आजही राग येतो.

निवृत्त अधिकारी म्हणून लिहिते आहे खरी, पण केस पिकलेली, पेन्शनवर बसलेली निवृत्त मी नाही. सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले, काही वर्षं वर्दी घातली आणि राजीनामा दिला. त्याआधी विद्यापीठात असताना पत्रकं काढायचे, भिंतीला चिकटवायचे आणि त्याबद्दल पोलिसांच्या शिव्या खायचे. आताही पत्रकंच वाटते, हैदराबादच्या दिलसुखनगरला, कोचिंग क्लासच्या जिन्यांखाली. मधली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले होते. ही तिथली हकीकत आहे. नाव कुणाचंच देत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. सेंट्री बदलला होता, रायटर रात्रीच्या नोंदी पुढे ओढून बसला होता. तेवढ्यात एक नवरा-बायको आत आले. दिलसुखनगरला त्यांचं प्लायवूड आणि हार्डवेअरचं दुकान. मूळचे जुन्या हैदराबाद संस्थानातल्या खेड्यातले, शेतीवाडीचे. नवऱ्याच्या आजोबांनी शहर गाठलेलं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, दुकानात गिऱ्हाईक बघून दख्खनी उर्दू.

तक्रार द्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा तयारीनं येतो. वकिलानं पढवलेलं असतं, आधी काय सांगायचं, नंतर काय सांगायचं हे ठरलेलं असतं. ज्याचं खरोखर काही गेलेलं असतं तो मधूनच सुरू करतो.

“पेटी उघडू दिली नाही, मॅडम,” नवरा म्हणाला.

“कसली पेटी?”

“लेकराची. विमानातून आली. उघडू नका म्हणले.”

मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून विचारत गेले. एकुलता एक मुलगा. इंजिनीअरिंग इथेच, आमच्या हद्दीत तारनाक्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात. त्या कॉलेजचा एक ‘विदेशी शिक्षण विभाग’ होता आणि परदेशातल्या काही विद्यापीठांशी त्यांचा करार होता. त्या वाटेनं मुलगा पुढचं शिकायला गेला. थंडीच्या दिवसांत तो भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होता, बरोबरीची मुलं दुसरीकडे गेलेली. न्यूमोनिया झाला. कुणाला कळलं नाही. घरमालक आला तेव्हा मुलगा संपलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की थोडे दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर वाचला असता.

एवढं झालं असतं तर ते दैव म्हणून गप्प बसले असते. पण मुलाच्या एका वर्गमित्रानं त्यांना वेगळंच सांगितलं. मुलगा वर्गात दिसेना म्हणून विद्यापीठानं हैदराबादच्या कॉलेजला मेल करून विचारलं होतं, घरच्यांशी याचा संपर्क आहे का? तेव्हा मुलगा जिवंत होता. हैदराबादहून उत्तर गेलं, आहे, दोन दिवसांपूर्वीच बोलणं झालं, तब्येत ठीक आहे. मग विद्यापीठानं त्याला शोधायचं सोडून दिलं.

“त्या विभागाच्या बाईनं लिहून दिलं ते,” वडील म्हणाले. “दोन दिवसांआधी? आम्हाला त्याचा आवाज ऐकून किती दिवस झालते! त्याचा फोन बिघडला होता. परीक्षा झाली की बोलतो, तवर वाट बघू नका असा निरोप त्यानं धाडला होता. म्हणून आम्ही गप होतो. तिनं खोटं लिहिलं, मॅडम. तिनं मारलं त्याला.”

मी आईंकडे पाहिलं. “खरं आहे का, काकू?”

“हौ,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी तेवढंच.

मी गुन्हा दाखल करायचं ठरवलं. आमचे इन्स्पेक्टर तेलुगू माणूस, बोलायचे मात्र दख्खनी. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मौत वहाँ हुई, गुनाह यहाँ लिखते? टिकेगा क्या मॅडम?”

“मेल इथून गेलाय, सर.”

“अच्छा. लिखो फिर.”

निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याचं कलम लावलं. आरोपी एकच, कॉलेजची विदेशी शिक्षण समन्वयक. मी रागात होते. माझ्याच जातीची कितीतरी मुलं, म्हणजे मराठी बोलणारी पण मराठी नीट वाचता न येणारी ही आमच्या शहरातली मुलं, या जाहिरातींच्या नादानं जाताना बघितली होती. वाटलं, या धंद्यातलं एक माणूस तरी सापडलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पुरुषाचा आवाज, तेलुगूत. नाव सांगितलं नाही. “ती बाई पळतेय. आज संध्याकाळची गाडी, सिकंदराबादहून मनमाडला,” एवढं बोलून ठेवला. मी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन निघाले.

बाई प्लॅटफॉर्मवर सापडल्या. चाळिशीच्या आतबाहेर, एक सुटकेस, आणि कानाला फोन. मी ओळख सांगितली, हजर राहण्याची नोटीस पुढे केली. त्यांनी हाताचा पंजा दाखवला. मला! थांबा म्हणून!

“एकच मिनिट हं, मॅडम. पोरीला विमानतळावर अडवलंय.” आणि फोनमध्ये, “रडायचं नाही राजा. रडलीस तर त्यांना संशय येतो. तुझं प्रवेशपत्र वरच ठेवलंय ना? ते दे. आणि फोन त्यांच्या हातात दे, मी बोलते.” मग इंग्रजीत, थंड, स्वच्छ आवाजात त्या परदेशी अधिकाऱ्याला त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

माझी कॉन्स्टेबल कानाशी लागली. “आरोपी आपल्यालाच थांबवायलीय मॅडम. हे नवीनच आहे.”

पोरगी सुटली असावी, कारण बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. मग माझ्याकडे वळल्या. “बोला. मुलाबद्दलच ना?”

“पळून चालला होता?”

“पळून?” त्या बघतच राहिल्या. “आमच्या सरांनीच सांगितलं, गावी जा, वातावरण निवळू दे. तिकीटसुद्धा ऑफिसनं काढून दिलं.”

सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही आणि करायची गरजही दिसली नाही. नोटिशीवर सही घेतली. गाडी गेली, त्या प्लॅटफॉर्मवरच राहिल्या. ठाण्यात आल्यावर त्या निनावी फोनचा नंबर काढला. कॉलेजच्या स्वागतकक्षाचा निघाला. एका हातानं तिकीट काढून दिलं आणि दुसऱ्या हातानं पोलिसांना फोन केला. पळालेली बाई म्हणजे गुन्हेगार बाई, आणि बाई गुन्हेगार ठरली की कॉलेज मोकळं. वर्दीतल्या वर्षांत मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्यात एवढा शिस्तबद्ध नीचपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःहून हजर झाल्या. चौकशी मीच केली, महिला कॉन्स्टेबल शेजारी. बाई मूळच्या नाशिकच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आलेल्या.

“विभागात किती माणसं?”

“मी.”

“आणि?”

“आणि फोन.” हसल्या नाहीत. “पाच देशांत मुलं आहेत, मॅडम. घरमालक डिपॉझिट देत नाही, मला फोन. हजेरी कमी पडली, व्हिसा जाईल म्हणून पत्र आलं, मला फोन. पोरीला होस्टेलात कुणी त्रास देतं, मला फोन. बाहेरच्यांच्या दृष्टीनं मी कॉलेजची, कॉलेजच्या दृष्टीनं मी बाहेरच्यांची, आणि आईबापांच्या दृष्टीनं मी मुलाची मावशी. मीटिंगमध्ये एकच विचारतात, यंदा मुलं किती पाठवणार? गेलेल्यांचं काय झालं ते कुणीच विचारत नाही.”

मला तेव्हा हे रडगाणं वाटलं. मी मुद्द्यावर आणलं. “विद्यापीठाचा मेल आल्यावर काय केलंत?”

“लगेच मुलाच्या आईंना फोन केला.”

“आणि?”

“खरं सांगू? आडनाव मराठी बघून बरं वाटलं मला. बाकीच्या आईबापांशी मोडक्या हिंदीत बोलते. ते तेलुगूत सांगतात, मी अंदाजानं घेते, म्हणून प्रत्येक गोष्ट उलटून विचारते. वार कोणता, तारीख कोणती, सकाळी की रात्री. यांच्याशी आपल्या भाषेत बोलले. विचारलं, मुलाशी बोलणं झालं का? त्या म्हणाल्या, हो, परवाच बोललाय, मजेत आहे. आपल्या भाषेत उलटून काय विचारायचं? मी तसंच लिहिलं. दोन दिवसांपूर्वी बोलणं झालं.”

“आई तर म्हणतात, बोलणंच नव्हतं.”

“मला परवा म्हणाल्या.”

“म्हणजे त्या खोटं बोलतात? पोटचं पोर गमावलेली बाई?”

“मी तसं नाही म्हणत. मला परवा म्हणाल्या, एवढंच सांगते.”

मी सोडलं नाही. पुन्हा विचारलं, मधूनच विचारलं, उलट क्रमानं विचारलं, चहा देऊन विचारलं, आवाज चढवून विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट सुधारून सांगतो. भोकं बुजवतो, एखादा साक्षीदार आणतो, पहिल्यांदा विसरलेला तपशील त्याला आठवतो. या बाईनं काही सुधारलं नाही. दरवेळी तेच, तेवढंच, कुठेच न बसणारं वाक्य. मला ते खुपत होतं, पण मी खोटं कोण बोलतंय तेच शोधत होते. दोघींपैकी एक, असं माझं ठरलेलं होतं.

तेवढ्यात कॉलेजचे कॉरस्पॉन्डंट आले. आमच्याकडे खाजगी कॉलेजच्या चालकाला असंच म्हणतात. सोबत वकील आणि मिठाईचा डबा. डबा मी सेंट्रीला परत गाडीत ठेवायला लावला.

“मॅडम, तिला आम्ही काढून टाकलंय,” ते म्हणाले. “संस्थेचा संबंध नाही. ती तिची पर्सनल मिस्टेक.”

“तिकीट पण पर्सनल होतं का, सर?”

वकिलानं त्यांचा दंड धरला. 

आईंचा तपशीलवार जबाब अजून व्हायचा होता. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, म्हणून मी दिलसुखनगरला गेले. दुकानाच्या वर दोन खोल्या. मुलाचा पलंग तसाच, चादर ताणून घातलेली. त्या दिवशी आई बोलल्या. फोनबद्दल विचारायची वेळच आली नाही, त्या मुलाबद्दलच बोलत राहिल्या आणि मी बोलू दिलं. जबाब देणाऱ्याला आधी त्याचं बोलू द्यावं, ही माझी पद्धत होती.

“लई हुशार हो. परवा बारावीला पहिला आला तर क्लासवाल्यांनी चौकात फोटो लावला, हा एवढा! म्हणलं, अरे, केस तरी विंचरून काढायचा फोटो. तर म्हणे, अम्मा, पहिल्या नंबराला केस बघत नाहीत.”

मी मान डोलावत गेले, मराठीतच टिपत गेले. ठाण्यात परतून केस डायरीसाठी इंग्रजी करायला बसले. कोर्टापुढे आमचे कागद तेलुगूत नाहीतर इंग्रजीत जातात. मराठी तिथे चालत नाही. ‘परवा’ शब्दावर आले, ‘कालच्या आदल्या दिवशी’ असं इंग्रजीत टाईप केलं आणि थांबले. कालच्या आदल्या दिवशी बारावी? मुलगा बारावी होऊन इंजिनीअर झाला, परदेशी गेला, मेला. आणि मला तिच्या खोलीत बसून ते ऐकताना काहीच खटकलं नव्हतं.

खटकणार कसं? मी जामबागची, हैदराबादच्या जुन्या मराठी वस्तीतली. आमच्या घरात सरकारी नोकऱ्या, वकिली, शाळामास्तरकी. भाषा शुद्ध असल्याचा आम्हाला फार ताठा. आणि माझे काका ‘परवा’ म्हणून स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतात, त्यांची नात आता कॉलेजात आहे. हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. गेल्या आठवड्यात, गेल्या वर्षी, लहानपणी, सगळं परसों. तेलुगूतला ‘मोन्ना’ही तसाच सैल. या दोघांच्या संगतीत आमच्या मराठीतला परवा कधी पसरला ते आम्हालाच कळलं नाही. महाराष्ट्रातही लोक परवा जरा इकडेतिकडे करतात, मला माहीत आहे. पण नाशिकच्या बाईला कुणी आई लेकराशी परवाच बोलले म्हणाली, तर ती दोन दिवस मागेच जाणार. महिनाभर मागे कशी जाईल?

दोघीही खरं बोलत होत्या. तेलुगू घर असतं तर या बाईनं वार विचारला असता. उर्दू घर असतं तर तारीख विचारली असती. मराठी निघालं म्हणून तिनं विश्वास ठेवला.

मी इन्स्पेक्टरांकडे गेले, सांगितलं. ते आधी हसले. “क्या मॅडम! मेरे घर में भी वैसाच है. मेरी मिसेस बोलती, परसों तुम अच्छे थे.” मग हसणं आपोआप थांबलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अम्मा को मालूम है?”

“नाही, सर.”

“मत पूछो.” चष्मा पुन्हा लावत म्हणाले, “सबूत नहीं करके बंद कर देते. खत्म.”

ते दुष्ट म्हणून असं म्हणाले नाहीत, उलट त्यांना दया आली होती. पण पुराव्याअभावी बंद म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाई सुटणार, डाग राहणार. कागदावर ती कायम अशी बाई राहणार जिनं खोटं लिहिलं, पण सिद्ध झालं नाही. या क्षेत्रात तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं आणि ते आईबाप जन्मभर तिला खुनी म्हणणार होते. तिला पुरतं सोडवायचं तर आईंचा पुरवणी जबाब हवा. आणि तो घ्यायचा म्हणजे आईच्या तोंडून आईलाच ऐकवायचं की शोध कोणत्या शब्दानं थांबला.

मी पत्रकं काढलेली पोरगी. खरं तोंडावर सांगावं, हे शिकूनच वाढले. पण त्या दिवशी दिलसुखनगरचा तो जिना चढण्याआधी मी खाली दुकानापाशीच रेंगाळले होते, हे कबूल करते.

दोघंही घरी होते. आई डाळ कुकरला लावत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसले.

“काकू, त्या कॉलेजच्या बाईंनी फोन केला होता, मुलगा बोलला का म्हणून. तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, हौ, बोलला की.”

“कधी बोलला म्हणालात?”

“परवा म्हणलं.”

“परवा म्हणजे कधी, काकू?”

“संक्रांतीला.” पटकन, अगदी सहज. “दोस्ताच्या फोनवरून केला होता. म्हणला, अम्मा, पतंगांचा गोंधळ ऐकू दे. मग गच्चीवर जाऊन फोन वर धरला मी. पोट्टे ओरडायलेत, हा तिकडून हसायलाय.”

“तेच की,” वडील म्हणाले. “परवाच नाही का! त्याच्यानंतर कुठं बोलणं झालं?”

त्यांच्या लक्षात आलं नाही. आईंच्या आलं. कुकरचं झाकण हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“त्या बाईला काय समजलं मग?”

“दोन दिवसांआधी, असं समजलं.”

“ती कुठली?”

“नाशिकची.”

“तिकडं परवा म्हणजे दोनच दिवस?”

“हो, काकू.”

“आणि तसं तिनं कळवलं.”

“हो.”

“आणि मग त्यांनी बघायचं सोडलं.”

मी हो म्हटलं. 

त्यांनी झाकण लावलं नाही. गॅस बंद केला. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले, कोरडे हात पुसत राहिल्या. वडिलांना आता कळलं, आणि ते जे ओरडले ते खाली दुकानापर्यंत गेलं असेल. “म्हणजे? म्हणजे आता हिच्या माथी मारायलात? त्या बाईला वाचवायला माझ्या बायकोचं नाव? कोण पाठवलं तुम्हाला, कॉलेजवाल्यांनी?”

“गप बसा,” आई म्हणाल्या.

“तू बोलू नको!”

“तुम्ही गप बसा. तिला लिहू द्या.” मग मला, “लिही माय. परवा म्हणलं होतं, संक्रांतीला बोलला होता. लिही.”

मी लिहिलं, वाचून दाखवलं. जबाब वाचून दाखवावाच लागतो. पोलीस कामात मला कधी काही नकोसं झालं असेल, तर ते वाचून दाखवणं. मध्ये एकदा म्हणाल्या, “हळू वाच.” मी हळू वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात आल्या. एकट्या. नोटिशीप्रमाणे समन्वयक बाई रोज हजेरीला यायच्या, बाकावर बसायच्या. सेंट्री मला बोलवायला धावला. त्याला वाटलं मारामारी होणार. मी बाहेर आले तेव्हा दोघी समोरासमोर उभ्या होत्या.

समन्वयक बाईच आधी बोलल्या. “मी तारीख विचारायला पाहिजे होती हो. सगळ्यांना विचारते. तुम्हालाच नाही विचारली.”

आईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्ही फोन तरी केलात. दुसऱ्या कुणी केलाच नाही.”

दोघी एकमेकींजवळ गेल्या नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत. बाई बाकावर बसल्या, आई ठाण्याच्या पायऱ्या उतरून गेल्या. माझी कॉन्स्टेबल तोंडावर रुमाल धरून आत निघून गेली.

प्रकरण बंद झालं. आमच्याकडे बंद करायचे ठरलेले प्रकार असतात. त्यांतला ‘वस्तुस्थितीबद्दल गैरसमज’ हा मी लिहिला. तक्रारदाराला हरकत घ्यायची मुभा असते. वडिलांनी ती घेतली नाही. बाई निर्दोष ठरल्या, कॉलेजनं त्यांना परत घेतलं नाही. त्यांच्या जागी दुसरी मुलगी बसली, एकटीच, त्याच फोनवर. समन्वयक बाई नाशिकला गेल्या. त्यांच्यावरचा डाग मी पुसला, एवढं माझं समाधान. पण तो पुसायला मी काय वापरलं ते मला माहीत आहे.

आता रागाचं सांगते. सगळ्या तपासात मी ठाण्यात कुणाला बसवू शकले? त्या बाईला. घरी जाऊन कुणाला छळू शकले? त्या आईला. दोघी का सापडल्या? कारण दोघींनी फोन उचलला होता. करार करणारं विद्यापीठ माझ्या समन्सच्या पलीकडे. जाहिरातीवर विमानाचं चित्र छापणारा चालक वकिलाच्या मागे. ज्याचा फोन लागतो त्यालाच आपण आरोपी करतो, हे मी या प्रकरणात शिकले. मी कायद्यानं वागले, आणि कायद्याची पोच एका बाकाएवढी निघाली. राजीनामा नंतर दिला. पण मन तेव्हाच उठलं.

दिलसुखनगरला पत्रक हातात घेऊन लोक विचारतात, “बेटा, कौनसी युनिव्हर्सिटी अच्छी है?” मला ते माहीत नाही. मी त्यांना सांगते, पैसे भरायच्या आधी त्या टेबलामागच्या माणसाला एक प्रश्न विचारा. माझं लेकरू दिसेनासं झालं तर त्याच्या दारापर्यंत चालत कोण जाणार? मेल नको, फोन नको. चालत कोण जाणार, त्याचं नाव सांगा. अजून एकाही टेबलानं मला नाव सांगितलेलं नाही.

कारण फाईल बंद करण्याआधी परदेशी पोलिसांचा कागद आला होता. त्यात त्या खोलीचा पत्ता होता, विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कचेरीचा पत्ता होता. मी नकाशावर दोन्ही लावून पाहिले. एकच रस्ता. कचेरीतून बाहेर पडायचं, कोपऱ्यावर वळायचं, आणि दार.

त्यांनी हैदराबादला विचारलं.